तीन दिवसांत उभा राहिलेला रोबो

जानेवारीच्या सुरुवातीच्या एका शनिवारी फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या रोबो बांधून खेळायच्या स्पर्धेचा त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो. हायस्कुलातल्या मुलामुलींचे हजारो संघ तो एकाच दिवशी पाहतात. मैदान कसं आहे, कोणती वस्तू उचलायची, ती कुठे ठेवायची किंवा फेकायची, शेवटच्या काही सेकंदांत काय साधायचं, हे सगळं तेव्हाच कळतं. कधी ती वस्तू फ्रिस्बी असते, कधी व्यायामाचा भलामोठा चेंडू, कधी फोमचं कडं, तर कधी पीव्हीसी पाइपचा तुकडा. सोबत शंभरावर पानांची नियमपुस्तिका. मुलं अजून ती पानं उलटत असतात, गुण नेमके कशाचे जास्त यावर हमरीतुमरीवर आलेली असतात, आणि मंगळवारपर्यंत कुणीतरी तो खेळ खेळणारा अख्खा रोबो बांधून त्याचे व्हिडिओ जगापुढे मांडलेले असतात.

याला ‘रोबो इन थ्री डेज’ म्हणतात. २०१३ सालच्या फ्रिस्बीच्या खेळापासून ही प्रथा सुरू झाली. बांधणारे बहुधा याच स्पर्धेतून बाहेर पडलेले माजी स्पर्धक, अभियांत्रिकी कॉलेजचे विद्यार्थी किंवा जुने जाणते मार्गदर्शक असतात. ते स्वतः स्पर्धेत उतरत नाहीत. ७२ तास अर्धवट झोपेवर काम करायचं, जे जमलं ते दाखवायचं आणि बाजूला व्हायचं, एवढाच त्यांचा खेळ. तेव्हापासून संघांच्या मार्गदर्शकांमध्ये एक वाद दर वर्षी नव्याने पेटतो. यामुळे मुलांना मदत होते, की मुलांच्या हातचा शोध हिरावून घेतला जातो?

मदत होते, आणि भरपूर होते, असं माझं ठाम मत आहे. पण ती मदत रोबोच्या आकारात नसते. दुर्दैवाने अनेक संघ नेमका आकारच उचलतात, आणि मग तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं.

एक प्रसंग सांगतो. २०२४ च्या खेळात नारिंगी फोमची कडी होती. बाहेरचा व्यास १४ इंच, आतला १०, जाडी २ इंच. आमच्या संघातल्या दोघींनी रविवारी दुपारी प्लायवुडच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या केल्या आणि त्यांच्यामध्ये एक रोलर बसवला. फळ्यांना उभ्या खाचा पाडल्या, म्हणजे रोलर वर-खाली सरकवता येईल. मोटर जोडत बसायला वेळ नव्हता, म्हणून रोलरच्या दांड्याला बॅटरीवरचं ड्रिल मशीन लावलं. एकीने ड्रिलचा घोडा दाबायचा, दुसरीने कडं जमिनीवरून पुढे सरकवायचं. पहिल्यांदा रोलर कड्याला जेमतेम शिवत होता, त्यामुळे कडं जागच्या जागी थरथरत राहिलं. मग रोलर अर्धा इंच खाली घेतला. आता फोम इतका चेपला की कडं मध्येच अडकलं, ड्रिल गुरगुरायला लागलं आणि फोमचा एक लचकाच निघाला. मग पुन्हा थोडं वर, पुन्हा थोडं खाली. आठव्या की नवव्या खेपेला कडं गपकन गिळल्यासारखं आत गेलं. दोघींपैकी एकीने लगेच फळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी आकडा लिहिला.

दोन दिवसांनी तीन दिवसांच्या रोबोचा व्हिडिओ आला. त्यातला इनटेक, म्हणजे वस्तू आत ओढून घेणारा भाग, या दोघींच्या नमुन्यापेक्षा कितीतरी देखणा होता. बाकीची मुलं “भारी आहे” म्हणत होती. रेघ मारणारी मुलगी मात्र व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, पुन्हा थांबवून एकाच जागी बघत होती. मला म्हणाली, “सर, रोलर आणि खालचा पत्रा यात फट किती ठेवलीय ते हे कुठेच सांगत नाहीत.”

या एका वाक्यात माझं सगळं म्हणणं आलं. त्या व्हिडिओतून काय घ्यायचं हे तिला कळलं, कारण दोन दिवस आधी तिने स्वतःच्या हाताने फोम फाडला होता. तो फाडला नसता, तर तिच्या डोळ्यांनाही फक्त ‘भारी’ तेवढंच दिसलं असतं.

विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नाही. १९९१ साली डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी केलेला एक अभ्यास यंत्ररचना शिकवणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. लोकांना त्यांनी काही वस्तूंची रचना करायला सांगितली. त्यात एक होता न सांडणारा कॉफीचा कप. सूचना स्पष्ट होती की कपाला नळी नको आणि तोंडात धरायची चोचही नको. काहींना सोबत नमुन्यादाखल एक चित्र दाखवलं होतं, आणि त्या चित्रातल्या कपाला मुद्दाम नळी ठेवली होती. ज्यांनी ते चित्र पाहिलं, त्यांच्या रचनांमध्ये नळ्या कितीतरी जास्त निघाल्या. ‘नको’ असं लिहून दिलेलं असतानाही! आधी पाहिलेल्या उत्तरातल्या चुकासुद्धा माणूस नकळत उचलतो, हे त्यातून दिसलं. या प्रकाराला तिथे ‘डिझाइन फिक्सेशन’ असं नाव पडलं.

हा अभ्यास वाचल्यावर मला पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. खेळ जाहीर झाल्याच्या शनिवारी पांढऱ्या फळ्यावर पंधरा-वीस कल्पना असतात. कुणाला पंजा हवा असतो, कुणाला पट्ट्यावरून वस्तू वर न्यायची असते, कुणी म्हणतं उचलूच नका, नुसतं ढकलत न्या. बुधवारी त्याच फळ्यावर एकच चित्र उरलेलं असतं आणि ते व्हिडिओतलं असतं. बाकीच्या कल्पना कुणी खोडून काढलेल्या नसतात. त्यांच्याबद्दल बोलणं आपोआप थांबलेलं असतं. सर्वांत जास्त वाईट मला याचं वाटतं. एखादी कल्पना करून पाहिली, जमली नाही आणि सोडली, तर मुलांच्या पदरात काहीतरी पडतं. करून न पाहताच ती विसरली गेली, तर काहीच पडत नाही. त्या वीस कल्पनांतल्या दोन-तीन कदाचित नववीतल्या एखाद्या बुजऱ्या मुलाच्या असतात, आणि तो पुढच्या वर्षी फळ्यापाशी येतच नाही.

दुसरी अडचण अशी की तीन दिवसांत खेळ पुरता उमगत नाही. २०१५ चा ‘रिसायकल रश’ आठवा. प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचायचे आणि वर कचऱ्याचा डबा ठेवायचा, असा तो खेळ. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष रचण्यावर होतं, आणि रचणारी यंत्रं तीन दिवसांत बांधून दाखवता येत होती. हंगाम पुढे सरकला तसं लक्षात आलं की क्रेट मुबलक आहेत, पण डबे मोजकेच. मैदानाच्या मधल्या पायरीवरचे डबे जो आधी ओढून घेईल, त्याचं पारडं जड. शेवटी जागतिक स्पर्धेत बलाढ्य संघ सामना सुरू होताच सेकंदाच्या अंशात त्या डब्यांवर झडप घालणारे हात लावून आले. जानेवारीतल्या मंगळवारी हे कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे तीन दिवसांच्या रोबोला खेळाचं उत्तर मानणाऱ्या संघाला फार तर खेळाचं पहिलं वाचन मिळतं. ते पहिलं वाचन आहे हे लक्षात ठेवलं, तर उपयोग मोठा आहे.

उपयोग मोठा का, ते समजायला ज्या संघांपाशी काहीच नसतं त्यांच्याकडे बघायला हवं. आठ-दहा मुलं, एक शिक्षक, तोही गणिताचा किंवा इंग्रजीचा, एक हातकरवत, एक ड्रिल. कुणी अभियंता पालक नाही, लेथ नाही, थ्रीडी प्रिंटर नाही. अशा संघाचे पहिले दोन आठवडे ‘हे मुळात शक्य आहे का’ या एका प्रश्नात जातात. फ्रिस्बी यंत्राने फेकता येते का? येते. फिरत्या चाकाने ती एका कडेच्या भिंतीला रगडत पुढे ढकलली की ती स्वतःभोवती फिरत सुटते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भीती जाते. त्या वर्षी मग ‘जमेल का’ हा प्रश्न मागे पडला. सरळ मार्गाचा शूटर बरा की वळणाचा, यावर संघ वाद घालू लागले. तो वाद कितीतरी वरच्या पातळीचा होता, आणि छोट्या संघांनाही त्यात भाग घेता आला.

आणखी एक गोष्ट हे व्हिडिओ न बोलता सांगतात. तीन दिवसांत बांधलेलं यंत्र साधं असतं, आणि साधं यंत्र पुरतं! सामना साधारण अडीच मिनिटांचा. त्यातले पहिले काही सेकंद रोबो आपल्याआप चालतो आणि बाकीचा वेळ मुलं तो चालवतात. मैदानावर तीन विरुद्ध तीन रोबो असतात. प्राथमिक फेऱ्यांनंतर आघाडीचे आठ संघ आपापले साथीदार निवडतात. ही निवड करणारे कर्णधार गॅलरीत बसून फार बारकाईने बघतात. पाच कामं करणारा पण दर दुसऱ्या सामन्यात बंद पडणारा रोबो त्यांना नको असतो. त्यांना हवा असतो एकच काम प्रत्येक वेळी करणारा रोबो. असा रोबो घेऊन आलेला नवखा संघ बाद फेरीत खेळताना मी पाहिला आहे. शेवटच्या रात्रीपर्यंत स्क्रू पिळत बसलेला आणि ड्रायव्हरला सरावाचा एक तासही न मिळालेला संघ घरी जाताना त्याहून जास्त वेळा पाहिला आहे.

टेक्सासच्या ‘रोबोनॉट्स’ या ११८ क्रमांकाच्या संघाने याच विचाराला पुढे नेलं. स्वतः अत्यंत तगडा संघ असूनही ते दर हंगामाच्या सुरुवातीला ‘एव्हरीबॉट’ नावाचा एक सोपा रोबो बांधतात आणि त्याचे आराखडे, सुट्या भागांची यादी, प्रोग्राम असं सगळं खुलं करतात. साध्या हत्यारांनी आणि कमी पैशांत तो बांधता यावा, हा त्यामागचा कटाक्ष असतो. एखाद्या संघाने तो जसाच्या तसा बांधला तर मी नाक मुरडणार नाही. पहिल्याच वर्षी उतरलेल्या मुलांना फेब्रुवारीच्या मध्यात चालणारा रोबो हाती मिळणं आणि उरलेले दिवस तो चालवायला, मोडायला, दुरुस्त करायला मिळणं हे फार मोठं शिक्षण आहे. बंपरसाठी प्लायवुडवर फोमच्या नळ्या बसवून वरून कापड ताणून घट्ट करणं हेसुद्धा ज्याने कधी केलेलं नाही, त्याच्याकडून पहिल्याच वर्षी स्वतंत्र शोधाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

‘मुलांनी सगळं स्वतःच शोधावं’ असं म्हणणाऱ्यांना या स्पर्धेच्या मुळाकडे न्यावंसं वाटतं. डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली. त्यांना साथ होती ती एमआयटीत रचनेचा स्पर्धेच्या स्वरूपातला अभ्यासक्रम गाजवणाऱ्या वुडी फ्लॉवर्स यांची. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. तेव्हापासून कल्पना अशी होती की मुलांनी खऱ्या अभियंत्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करावं. मुलांना एकटं सोडून ती किती पुढे जातात ते बघणं हा हेतू कधीच नव्हता. जाणत्या माणसाला काम करताना पाहणं हाच या स्पर्धेचा गाभा आहे. मग तीन दिवस जागून जाणत्या माणसांनी आपलं काम सर्वांना उघडं करून दाखवलं, तर त्यात परंपरा मोडली असं कुठे होतं?

फरक आहे, पण तो दुसरीकडे. शेजारी उभा असलेला अभियंता विचारतो, “इथे चाक मऊ का घेतलंस?” उत्तर आलं नाही तर थांबतो, आणि आपण विचारलं तर कारण सांगतो. व्हिडिओ विचारतही नाही आणि सांगतही नाही. एका संघाने व्हिडिओतला इनटेक तंतोतंत उतरवला होता, अगदी पुलीच्या दातांपर्यंत. पहिल्या सामन्यातच पट्टा घसरायला लागला. पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या जागेत, पाच मुलं त्याच्याभोवती उभी होती आणि पट्टा किती ताणायचा, मधला छोटा रोलर कशासाठी आहे, तो काढला तर काय बिघडेल, यातलं एकालाही सांगता येईना. मुलं हुशार होती, मेहनती होती. दोन तासांनी त्यांनी तो रोलर काढून टाकला, आणि पट्टा उतरूनच पडला. तो रोलर पट्ट्याला पुलीभोवती जास्त गुंडाळून धरण्यासाठी होता, म्हणजे जास्त दात पकडीत राहतील. ही गोष्ट लाकडी नमुन्यावर दहा मिनिटांत कळते. सामन्यांच्या मधल्या वेळात, घामाघूम होऊन, हात थरथरत असताना ती कळत नाही.

श्रीमंत संघांना याचा जास्त फायदा होतो, असाही एक आक्षेप घेतला जातो, कारण व्हिडिओ बघून ते रात्रीतून भाग कापून घेऊ शकतात. हे खरं आहे, पण ही दरी व्हिडिओने पाडलेली नाही. २०१९ पर्यंत ठरलेल्या दिवशी रोबो पिशवीत सीलबंद करून ठेवावा लागायचा. तेव्हाही पैसेवाले संघ तसाच दुसरा रोबो बांधून घरी सराव करत होते, आणि बाकीचे बंद पिशवीकडे बघत बसत होते. २०२० पासून ती अट गेली. उघड्यावर ठेवलेलं ज्ञान ही दरी थोडी तरी बुजवतं.

म्हणून बंदी, बहिष्कार, ‘आमच्या संघात कुणी बघायचा नाही’ असले फतवे मला पटत नाहीत. मुलं घरी जाऊन बघतातच, आणि मग चोरून पाहिल्यासारखं होतं. त्यापेक्षा क्रम ठरवावा. शनिवार नियम वाचण्यात आणि भांडण्यात जाऊ दे. रविवार आणि सोमवार संघाने स्वतःचे तीन-चार कच्चे नमुने करावेत. लाकूड, पुठ्ठा, झिपटाय, ड्रिल मशीन, जे हाताशी असेल ते. एकही चांगला होणार नाही. प्रत्येक नमुन्यापाशी एक वही असावी आणि तीत तीनच गोष्टी लिहाव्यात : काय बदललं, काय झालं, किती मापावर झालं. मंगळवारी सगळ्यांनी एकत्र बसून तीन दिवसांचा रोबो बघावा. मार्गदर्शकाने दर मिनिटाला थांबवून विचारावं की आपल्यापेक्षा यांचं वेगळं काय, आणि ते तसं का केलं असेल. जिथे ‘का’चं उत्तर येणार नाही, तो भाग उचलायचा नाही, आधी त्याचा नमुना करायचा. आम्ही हे दोन हंगाम करून पाहिलं. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरली, दोन दिवस वाया जातायत असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या वर्षी व्हिडिओ लावायच्या आधी त्यांनीच फळ्यावर प्रश्न लिहून ठेवले होते.

रोबो बांधून दाखवणाऱ्यांकडेही माझं एक मागणं आहे. तुम्ही तीन दिवस मुलांसाठीच जागता, हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण अखेरच्या व्हिडिओत चालणारा रोबो दिसतो, मागे संगीत असतं, आणि दहापैकी जमलेले दोन प्रयत्न असतात. उरलेले आठ कुठे गेले? मला ते हवे आहेत. कडं अडकलं ते दाखवा. मोटर तापली ते दाखवा. शनिवारी ठरवलेला आणि रविवारी पहाटे टाकून दिलेला हात टेबलाखाली पडला असेल, त्याच्यावर कॅमेरा धरा आणि तो का टाकला ते दोन वाक्यांत सांगा. चाकाचा व्यास, फिरण्याचा वेग, वस्तू किती चेपली, कोन किती होता, ही मापं पडद्यावर लिहा. काही गट हे आताही करतात, आणि त्यांचे व्हिडिओ मी मुलांना दोनदा दाखवतो. अशा एका व्हिडिओत बांधणारी मुलगी फुटलेला पॉलीकार्बोनेटचा पत्रा हातात धरून भोक कडेच्या फार जवळ पाडल्याचं सांगते. आमच्या संघातल्या मुलांनी त्या रात्री आपल्या सगळ्या पत्र्यांवरची भोकं कडेपासून मोजून काढली आणि तीन पत्रे नव्याने कापले.